गुरुवारचा तास आणि मंगळवारचे फोन

रुग्णालयात तिला सगळे डिंकताई म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टरांनी. ज्या पेशंटपुढे बाकीच्यांनी हात टेकले, त्याच्या खाटेशी ही खुर्ची ओढून बसायची आणि एकदा बसली की हलायची नाही. "बघा, चिकटली," असं सिस्टर म्हणायच्या. त्यात थट्टा होती पण तक्रार नव्हती, कारण ती बसली की वॉर्डातला आरडाओरडा जरा कमी व्हायचा.

ती मानसशास्त्रज्ञ होती. औषधं लिहून देणारी डॉक्टर नव्हे, बोलून उपचार करणारी. वय सत्तेचाळीस, केस आखूड, चष्मा कायम डोक्यावर, आणि तोच चष्मा दिवसातून चारदा टेबलावर शोधायची. तिच्याकडे येणारी माणसं फारशी कुणाला नको असत. आत्ता तुमच्यासारखं कुणीच नाही म्हणून गळ्यात पडणारी आणि पंधरा मिनिटांनी तुमच्याच तोंडावर दार आपटणारी. कुणी फोन उचलला नाही एवढ्यावरून आपल्याला टाकलं असं मानणारी. आणि पुन्हापुन्हा जीव द्यायला निघालेली. कागदावर त्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. कॉरिडॉरमध्ये त्यांना 'नाटकी' म्हणत. तो शब्द कानावर आला की डिंकताईचं डोकं फिरायचं.

"पायात काटा मोडलेला माणूस लंगडणारच," ती एकदा शिकाऊ डॉक्टरांना म्हणाली होती. "तुम्ही त्याला नाच म्हणता."

याच माणसांसाठी तिने संशोधन हाती घेतलं. प्रश्न साधा होता. वर्षभर दर गुरुवारी एक तास समोर बसवून बोललं, आणि सोबत दर सोमवारी गटात बसवून काही गोष्टी शिकवल्या, म्हणजे मनात काय चाललंय त्याला नाव देणं, लाट ओसरेपर्यंत दम धरणं, भांडण न करता मागणं, तर ही माणसं जीव द्यायची थांबतात का? एकशे अठरा जण तयार झाले. त्यांचे दोन गट केले. एकोणसाठ जणांना हे उपचार, आणि बाकीच्या एकोणसाठांना नेहमीचंच, म्हणजे महिन्यातून एकदा डॉक्टर आणि औषधं. कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठीवर. चिठ्ठी संगणक काढायचा, पण सांगायला डिंकताईला बसावं लागायचं. आशेने आलेल्या माणसाला "तुमचं नाव दुसऱ्या गटात आलंय" हे सांगणं तिला नको व्हायचं. तरी ती सांगायची. उपचारांचा उपयोग होतो असं तिला वाटत होतं, पण वाटणं आणि माहीत असणं यांतला फरक कळावा म्हणून तर हा सगळा खटाटोप होता.

दोन्ही गटांची मोजदाद सारखीच व्हायला हवी होती, आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे ठाऊक असून चालणार नव्हतं. त्यासाठी तिने ऑपरेटर मावशींना शोधून आणलं. मावशी याच रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बत्तीस वर्षं बसून निवृत्त झाल्या होत्या. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईला कसलीच घाई नाही. रेकॉर्ड रूमच्या शेजारी, पाण्याच्या टाकीकडे खिडकी असलेल्या एका अरुंद खोलीत त्यांना टेबल, फोन आणि बावीस प्रश्नांचा कागद दिला. दर पंधरवड्याला, ज्याचा त्याचा मंगळवार आणि ज्याची त्याची वेळ ठरलेली.

"प्रश्न आहेत तसेच विचारायचे, मावशी. सल्ला द्यायचा नाही. धीर द्यायचा नाही. कुणी जिवाचं काही बरंवाईट बोललं तर फोन चालू ठेवून मला हाक मारायची. बाकी काही नाही."

"म्हणजे बोलायचं आणि बोलायचंही नाही," मावशी म्हणाल्या. "जन्मभर तेच केलंय मी."

उपचारांच्या गटात आलेल्यांपैकी अकरा जणांना डिंकताई स्वतः बघायची. त्यांतली एक पुस्तकबांधणी करणारी होती. चौतीस वर्षांची, सडपातळ, बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे पडलेले. आई आणि थोरल्या भावाबरोबर राहायची. भावाचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं, पुढे मशीन आणि मागे हिचं टेबल. जीव द्यायचा प्रयत्न तिने चारदा केला होता. पहिल्या गुरुवारी ती पूर्ण तास भिंतीकडे बघत बसली आणि जाताना म्हणाली, "तुम्हीही कंटाळाल. सगळे कंटाळतात."

"कंटाळले तर तुला सांगेन," डिंकताई म्हणाली.

दुसऱ्या गुरुवारी तिने विचारलं, "कंटाळलात?"

"अजून नाही."

पुढचे कितीतरी गुरुवार हाच त्यांचा नमस्कार झाला. मध्ये एकदा डिंकताई सुट्टीवर जाणार होती. तीन आठवडे आधीपासून सांगितलं होतं, तरी ती उसळली. टेबलावरचे कागद खाली फेकून निघून गेली, फोनवर नाही नाही ते बोलली, आणि डिंकताई परत आल्यावर दारात उभी राहून म्हणाली, "मला वाटलं तुम्ही आता घेणार नाही मला." डिंकताईने खुर्ची पुढे ओढली. त्या दिवसापासून काहीतरी बदललं. तिला रोज भरायला एक कार्ड दिलं होतं. आज राग किती, दुःख किती, मरावंसं वाटलं का, वाटलं तर काय केलं. आधी ती ते कोरंच आणायची. मग भरायला लागली, तेही बारीक, नेटक्या अक्षरात. चौकटीत मावलं नाही की मागच्या बाजूला लिहायची. 'दादा ओरडला. दुकानातून निघून जावंसं वाटलं. गेले नाही. पुस्तकाचे दहा फर्मे शिवले. कमी झालं.'

ती हसायचीही. तिसऱ्या मजल्यावरचं ते नाव तिच्या कानावर गेलं होतं. "आमच्याकडे डिंक नाही चालत, ताई," एकदा म्हणाली. "सुकला की तडकतो. आम्ही खळ लावतो."

"मग मला खळताई म्हण."

"शी. कसलं वाईट वाटतं ऐकायला."

आठ महिन्यांत तिला एकदाही रुग्णालयात आणावं लागलं नाही. मागच्या वर्षी तेवढ्याच काळात, कधी प्रयत्नानंतर तर कधी नुसत्या भीतीने, सहा वेळा आणलं होतं. डिंकताई उघड काही म्हणायची नाही, पण घरी जेवताना एकदा नवऱ्याला म्हणाली, "माझी एक पेशंट आहे ना, ती आता नवीन काम घेते आहे. अकरा खंडांचा शब्दकोश. सगळा हाताने शिवणार." नवरा जमीन मोजणी खात्यात नकाशे काढायचा. त्याने मान वर करून बायकोकडे बघितलं, कारण ती घरी पेशंटचं अवाक्षर काढत नसे.

हे घरचं बोलणं झालं दहाव्या महिन्यात. त्याच्या पुढच्या मंगळवारी चार वाजता मावशींनी फोन केला. बावीस प्रश्न झाले. सतराव्या प्रश्नाला, गेल्या पंधरा दिवसांत जीव द्यावासा वाटला का, तिने 'नाही' सांगितलं. गुरुवारी ती तासाला आली, शब्दकोशाच्या कापडाचा रंग कुठला घ्यावा यावर बराच वेळ बोलली. रविवारी तिने स्वतःचा जीव घेतला.

सोमवारी सकाळी भावाचा फोन आला. डिंकताई तेव्हा गटाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडत होती. तिने ऐकलं, "मी येते," म्हणाली, फोन ठेवला आणि उरलेल्या दोन खुर्च्या मांडून घेतल्या. त्या का मांडल्या ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. गट घ्यायला तिने सहकाऱ्याला बोलावलं आणि निघाली.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मागच्या खोलीत आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या दोन बायका होत्या. डिंकताई आत आल्यावर त्या उठून गेल्या. आईने तिला ओळखलं नाही. भावाने सांगितलं, "आई, या तिच्या ताई. गुरुवारच्या."

आई म्हणाली, "बसा." डिंकताई तिच्याशेजारी बसली.

भाऊ उभाच होता. त्याच्या हाताला खळ लागून सुकली होती, आणि तो ती नखाने खरवडत होता.

"ती तुमच्याकडे नेमाने येत होती," तो म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही."

"नाही चुकवला."

"आम्हाला वाटलं, सुटलो. मी तर तिला कपाटाच्या किल्ल्यासुद्धा परत दिल्या होत्या. मग झालं काय? तुम्हाला तरी कळलं होतं का?"

"नाही. मला कळलं नाही."

"तुम्हाला कळायला नको होतं?"

असल्या प्रश्नांना काय उत्तर द्यावं हे डिंकताई बाकीच्यांना शिकवायची. त्यातलं एकही वाक्य तिने वापरलं नाही. ती म्हणाली, "मी गुरुवारी तिच्यासमोर तासभर बसले होते. मला काही दिसलं नाही. मी आल्यापासून तेच शोधते आहे."

भावाला राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता खाली बसला. उठताना त्याने टेबलावरून कार्डांचा गठ्ठा उचलून तिला दिला. वर शनिवारपर्यंत भरलेलं कार्ड होतं. दुःख दोन, राग एक. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या कार्डांनी तिला छळलं. तिने ती क्रमाने लावली, पुन्हा लावली, आकड्यांचा आलेख काढला. शेवटच्या तीन आठवड्यांत आकडे लहान होत गेले होते. हे बरं होण्याचं चिन्ह होतं की आधीच ठरवून शांत झालेल्या माणसाचं? दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं, आणि ती दोन्ही बाजूंनी वाचत राहिली.

मावशींनी तर मंगळवारी सकाळी फोनलाच हात लावला नाही. पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

"मी 'नाही'वर खूण केली," त्या म्हणाल्या. "तिच्या आवाजात काही नव्हतं हो. बत्तीस वर्षं आवाज ऐकलेत मी. बोर्डावर नुसतं 'हॅलो' ऐकून कळायचं, घरात काय झालंय ते."

"मावशी, तिने मलाही काही सांगितलं नाही."

"तुमचं ठीक आहे, तुम्हाला ती तोंड बघून फसवू शकली. मला कसं फसवलं?" त्यांनी डोळे पुसले, घड्याळ बघितलं. "साडेअकराचा फोन आहे. तो करायलाच पाहिजे. ते वाट बघत असतात." आणि त्यांनी आकडे फिरवले.

घरीही गोष्टी बिघडल्या. डिंकताईची मुलगी सोळा वर्षांची होती. खोलीचं दार लावून गाणी ऐकत अभ्यास करायची. आजवर त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. आता दार लागलं की दहा मिनिटांत टकटक. पाणी हवं का? उजेड पुरतो का? निळी ओढणी बघितलीस का माझी?

चौथ्या टकटकीला मुलीने दार उघडलं. "आई, तुझी निळी ओढणी तुझ्या खांद्यावर आहे."

डिंकताईने खांद्याकडे बघितलं.

"मी बरी आहे," मुलगी म्हणाली. "मला फक्त भूमिती येत नाही. आणि तू माझ्याशी तुझ्या पेशंटसारखं हळू आवाजात बोलू नकोस. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," डिंकताई बोलून गेली. मुलगी बाजूला झाली, आईला आत येऊ दिलं आणि पुन्हा भूमितीत डोकं घातलं. तास दीड तास डिंकताई पलंगाच्या कडेला नुसती बसून होती.

रुग्णालयाच्या समितीने चौकशी केली. सहा जणांनी सगळे कागद बघितले. कुठेही कसूर नाही असं लिहून दिलं आणि संशोधन पुढे चालू ठेवायला सांगितलं. विभागप्रमुख बाहेर आल्यावर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुटलात." समितीने नसलेली चूक शोधली आणि ती सापडली नाही, एवढंच झालं होतं. तिला हवं होतं ते कागदात नव्हतंच.

डिंकताई गुरुवारी येत राहिली. बाकीचे दहा जण होते. त्यांतल्या एकाला कुणाकडून तरी ही बातमी कळली होती, तो महिनाभर तिच्याशी नीट बोलला नाही. दोघींनी येणं सोडलं. पुस्तकबांधणीवालीची वेळ अकराची होती. ती वेळ तिने दुसऱ्या कुणाला दिली नाही, पण रिकामीही बसवेना, म्हणून त्या तासाला ती खाली जाऊन वॉर्डात फेऱ्या मारायची.

दीड वर्षाने शेवटच्या माणसाचा शेवटचा फोन झाला आणि मोजदाद उघडायचा दिवस आला. आकड्यांतला कुठला गट कुठला, हे आकडेमोड करणाऱ्याला कळू नये म्हणून तोवर एका बंद पाकिटात होतं. विभागप्रमुख, आकडेमोड करणारा तरुण आणि डिंकताई तिघं बसले होते. तरुणाने पडदा त्यांच्याकडे वळवला.

उपचारांच्या गटात जीव द्यायचे प्रयत्न आधीच्या वर्षापेक्षा निम्म्याने कमी झाले होते. डिंकताईने श्वास सोडला. मग तिने दुसरी रांग बघितली. नेहमीच्या औषधांवर ठेवलेल्या गटातही ते जवळपास निम्म्यावर आले होते. फरक होता, पण इतका बारीक, की तो नशिबाचाही असू शकत होता.

"असं कसं?" विभागप्रमुख म्हणाले. "नेहमीच्या उपचारांनी इतकं कुणी सुधारत नाही. आपल्याच जुन्या नोंदी बघा ना."

"त्यांना नेहमीचं मिळालंच नाही, सर," डिंकताई सावकाश म्हणाली. "त्यांना मावशी मिळाल्या."

दोन्ही गटांत एकच गोष्ट सारखी होती. पंधरा दिवसांनी, ठरल्या मंगळवारी, ठरल्या मिनिटाला वाजणारा फोन. वर्षभरात एकही चुकला नव्हता. मोजपट्टी म्हणून ठेवलेला फोनच बहुधा औषध ठरला होता. बहुधा. कारण तेही सिद्ध करायला फोन न मिळालेला तिसरा गट लागला असता, आणि तो तिने ठेवलाच नव्हता.

विभागप्रमुख माणूस वाईट नव्हते. या कामासाठी जागा, माणसं, परवानग्या मिळवताना त्यांनी चपला झिजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून कागदावर एक वेगळा तक्ता दाखवला.

"ज्यांनी वर्षभराचे उपचार पूर्ण केले, फक्त त्यांना मोजलं तर बघा. सदतीस जण. फरक स्वच्छ दिसतो. अर्धवट सोडणाऱ्यांना कशाला मोजायचं? अर्धं औषध घेऊन बरा झाला नाही, त्याचा दोष औषधाला द्यायचा का? हा तक्ता पुढे ठेवू, दुसरा मागे जोडू. खोटं काही नाही यात."

"बघते," ती म्हणाली.

तिने खरंच बघितलं. शनिवारी दुपारी घरच्या टेबलावर तो तक्ता पसरून बसली. तो देखणा होता. या कामात घातलेली आयुष्याची नऊ वर्षं त्यात सरळ रेषेत उभी होती. आणि मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिने निबंधाची पहिली चार वाक्यं त्या तक्त्यावरून लिहूनही काढली, आणि ती वाक्यं चांगली जमली होती.

मग सवयीने तिने यादी तपासायला घेतली. कोण आत, कोण बाहेर. बाहेर गेलेल्या बावीस जणांचे क्रमांक होते. बत्तीस या क्रमांकावर तिचं बोट थांबलं. पुस्तकबांधणीवालीचा क्रमांक. तिने वर्षभराचे उपचार पूर्ण केले नव्हते. दहाव्या महिन्यात ती गेली, म्हणून नियमाने ती अर्धवट सोडणाऱ्यांत. या तक्त्यात ती आलीच नव्हती आणि मेलीही नव्हती.

नवरा चहा घेऊन आला तेव्हा ती तशीच बसून होती. तिने त्याला क्रमांकावर बोट ठेवून समजावून सांगितलं.

त्याने कप बाजूला ठेवला. "आमच्याकडे असं असतं," म्हणाला, "की मोजणी जुळेना तर एखादा कोपरा सोडून दिला की आकृती झकास बसते. नकाशा सुरेख दिसतो. पण त्या कोपऱ्यात कुणाचं तरी घर असतं."

"मी चार वाक्यं लिहिली होती."

"खोडता येतात."

सोमवारी तिने विभागप्रमुखांना सांगितलं की एकशे अठरा जण आले, तर एकशे अठराच मोजायचे. त्यांनी खूप समजावलं. शेवटी जरा तुटक आवाजात म्हणाले, "एका मृत्यूवरून काही सिद्ध होत नाही, तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून मी त्यावरून काही सिद्ध करत नाही. पण ती आली होती, सर. एकोणचाळीस गुरुवार आली होती."

मग तक्ता त्यांनी स्वतःच्या खणात टाकला. पुढे निबंधावर त्यांनी सही केली, पण वर्षभर तिच्याशी कामापुरतंच बोलले.

मावशींना सांगणं त्याहून अवघड गेलं. फोनचा उपयोग झाला असावा हे ऐकून त्या पांढऱ्या पडल्या.

"म्हणजे मी तुमच्या संशोधनाची वाट लावली?"

"नाही हो."

"मी कागदाबाहेरचं फार नाही बोलले. शपथेवर सांगते. फक्त शेवटी म्हणायचे, 'आता पुढच्या अमुक मंगळवारी, इतक्या वाजता, मी परत करते.' तेवढं कागदात नव्हतं. पण फोन असा तोंडावर आपटायचा का, ताई? आणि कुणी मध्येच गप्प झालं, तर मी थांबायचे. एक बाई एकदा अकरा मिनिटं गप्प होती. मी भाजी निवडायला आणली होती, ती निवडत बसले. नंतर तिची तीच बोलली."

डिंकताईला हसू आलं आणि त्यामागोमाग रडू आलं. मावशींनी मुकाट्याने आपला रुमाल पुढे केला.

निबंध छापून आला तो लहानशा नियतकालिकात. मोठ्यांनी 'निष्कर्ष ठाम नाही' म्हणून परत पाठवला होता. अंक आला त्या आठवड्यात ती तो घेऊन दुकानात गेली. आई तोवर गेली होती. भावाने हात पुसून अंक घेतला, आधी बांधणी बघितली, नाक मुरडलं, मग पानं चाळली.

"यात ती कुठे आहे?"

तिने चौथ्या पानावरचा तक्ता दाखवला. उपचारांचा गट, मृत्यूचा रकाना. त्यात एकचा आकडा होता.

"एवढीच?"

"एवढीच. मला नाव लिहिता येत नाही."

त्याने त्या आकड्यावर अंगठा ठेवला. मग म्हणाला, "नाव नको. शेजारपाजारचे बोलणारेत. हे बरं आहे." त्याने अंक तिला परत दिला नाही. तिनेही मागितला नाही.

व्यवस्थापनाने निबंध वाचला, म्हणजे निदान शेवटचं पान वाचलं. फोनने भागत असेल तर इतक्या माणसांचा इतका वेळ कशाला, असं त्यांनी ठरवलं. मावशींच्या हाताखाली दोन निवृत्त परिचारिका दिल्या आणि सोमवारचा गट बंद केला. डिंकताई तीनदा वर जाऊन भांडली. माझ्या निबंधात असं लिहिलेलं नाही, दोन्हींनी फायदा झाला असं लिहिलंय, आणि कुणाला काय लागतं हे अजून कुणालाच कळलेलं नाही. खरं बोलल्याचं हे फळ तिला पचलं नाही. विभागप्रमुखांचा तक्ता पुढे ठेवला असता तर गट चालू राहिला असता, हे तिला लख्ख दिसत होतं. पुन्हा वेळ आली तर काय करशील, असं मुलीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तेच. पण झोप मात्र तेव्हाही लागणार नाही." शेवटी गुरुवार तेवढा राहिला, तोही अर्धा दिवस.

त्या अर्ध्या दिवसात एका गुरुवारी एक बाई आली. चाळिशीची, कचेरीत टंकलेखन करणारी, जीव द्यायला जाऊन तीनदा वाचलेली. खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं, "तुमच्याकडे येणारं कुणी मेलंय का?"

या प्रश्नालाही वळसा घालायची वाक्यं होती. डिंकताई म्हणाली, "हो. एक जण गेली."

"उपचार चालू असताना?"

"चालू असताना."

"मग मी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"आत्ताच ठेवू नका. येऊन बघा. मला सगळं कळतं असं नाही. तुम्ही लपवलंत तर मला दिसेलच असंही नाही. म्हणून एक मागणं आहे. तुम्ही एकदम शांत झालात, तर तेही मला सांगा. मला बरं वाटावं म्हणून लपवू नका."

बाई तिच्याकडे रोखून बघत राहिली. "हे असं कुणी सांगत नाही," म्हणाली, आणि पर्स उचलून निघून गेली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. मावशींनी मंगळवारी फोन केला तेव्हा तिने बावीसपैकी सहाच प्रश्नांची उत्तरं दिली आणि उरलेला वेळ गप्प राहिली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती आली, वीस मिनिटं उशिरा. उशीर का झाला ते तिने सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. डिंकताईने चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला, आणि उरलेली चाळीस मिनिटं ती तिच्यासमोर बसून राहिली.